मॅग्नेशियम : संज्ञा, शोध आणि न्यूनता

‘मॅग्नेशियम’ ह्या संज्ञेचे मूळ ग्रीस देशातील ‘मॅग्नेशिया’ ह्या स्थलनामात आहे. ‘मँगनीज’ हे नामही त्याच कुळातील होय. मॅग्नेशिया चुन्याहून भिन्न असल्याचे जोसेफ ब्लॅक ह्याने 1755 च्या सुमारास दाखविले, व 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यातील धातू ओळखला. त्याचे शरीरकार्य मात्र शतकाहून अधिक काळ अज्ञात राहिले. 1932 मध्ये मॅकॉलम व त्याचे सहकारी ह्यांनी मॅग्नेशियमरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांना आचके येऊन मृत्यू येतो, असे दाखविले.

प्रौढ देहात हा धातू सुमारे 25 ग्रॅम असतो; निम्म्याहून अधिक अस्थींत, तर रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. म्हणून रक्तपरीक्षेचा आकडा निर्दोष असूनही न्यूनता संभवते. ती तीव्र झाल्यास पेटके येतात, हृदयाची लय बिघडते व कॅल्शियमही घटते. अशा वेळी केवळ कॅल्शियम देऊन भागत नाही.

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कोरडवाहू परिसरात बाजरी हे पारंपरिक धान्य. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 120 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. सडलेल्या तांदळात ते फारच थोडे उरते. संज्ञा परदेशातून आली. द्रव्य भाकरीत पूर्वापार होतेच. भाकरी ताटातून गेल्यास मात्र केवळ संज्ञाच हाती उरेल.