काशीचे जुने घाट आणि कागदावरचे ठसे

काशीयात्रेहून आणलेला गंगेचा गडू आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या देवघरांत असेल. परंतु दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी, फोटोग्राफीचा शोध लागण्याच्या आधी, ती काशी दिसत कशी होती? याचे उत्तर परदेशी चित्रकारांनी ताम्रपटावर व दगडावर उतरवून छापलेल्या चित्रांत पुष्कळसे सापडते. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ नदीकाठच्या नगरांची अशी चित्रे पुष्कळ वर्षे जमवीत आले आहेत. त्यांच्या संग्रहातील काशीची पाने मला सवडीने पाहावयास मिळाली. त्यावरून जे समजले ते येथे मांडते.

या चित्रकारांत पहिला विल्यम हॉजेस. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सागरसफरीवर गेलेला हा चित्रकार 1780 साली हिंदुस्थानात आला आणि 1781 मध्ये काशीस होता. त्याच्या 48 चित्रांचा संग्रह 1785 ते 1788 या काळात लंडनला निघाला. पाठोपाठ 1786 साली टॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम कलकत्त्यास उतरले. 1788 साली ते गंगेच्या काठाने वर निघाले आणि पुढच्या वर्षी थेट गढवालातील श्रीनगरपर्यंत पोहोचले. स्वदेशी परतल्यावर त्यांनी 1795 ते 1808 या तेरा वर्षांत 144 चित्रे प्रसिद्ध केली. त्यात काशीचा दशाश्वमेध घाट आहे. मात्र साहेबाच्या कानाने त्याचे ‘दुसासुमदे’ करून टाकले आहे!

ही चित्रे करण्याची रीत आपल्या गृहिणींना सहज उमजेल. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरावयाची आणि पत्रा तापवून ती चिकटवावयाची. जो भाग पांढरा राहावयाचा त्यावर रोगण लावावयाचे आणि पत्र्यावर तेजाब सोडावयाचे. राळेच्या कणांमधल्या जागेत तेजाब तांबे खाते. जितका वेळ अधिक, तितकी छटा गडद. मग शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्राने ठसा घ्यावयाचा. पत्र्याच्या कडेची दबलेली रेघ कागदावर उमटते. त्या गृहस्थांनी ती मला बोटाने चाचपून पाहावयास सांगितली. अस्सल ठशाची ती एक खूण. रंग पुष्कळदा मागाहून हाताने भरीत.

जेम्स प्रिन्सेपची चित्रे मात्र निराळी, शिळाछापाची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोथ्या ज्या तऱ्हेने छापल्या जात, तीच ही तऱ्हा. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा तो हाच प्रिन्सेप. 1820 ते 1830 तो काशीच्या टांकसाळीत होता. शहराचा नकाशा त्याने काढला, आणि औरंगजेबाच्या मशिदीच्या ढासळू लागलेल्या उंच मनोऱ्यांची दुरुस्तीही केली. आज ते मनोरे उभे नाहीत. चित्रांतच राहिले आहेत.

आपल्या दृष्टीने या पानांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. डॅनियल काका-पुतणे काशीस गेले तेव्हा विश्वनाथाचे नवे मंदिर उभे राहून उणीपुरी दहा वर्षे झाली होती, आणि ते उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकर महेश्वरी राज्यकारभार पाहत होत्या. मणिकर्णिका घाटही त्यांनी बांधविला. पुढे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी 1828 साली ज्ञानवापीवर खांबांचा मंडप उभारला. नंतर शिंदे घाटाचे कामही त्यांनी काढले. तो घाट आपल्याच भाराने खचला, ही गोष्ट निराळी. मी पाहिलेल्या पानांवर घाटाचे नाव आहे, चित्रकाराचे आहे, छापल्याची तारीख आहे. बांधविणारीचे नाव कोठेही नाही. हॉजेसच्या 1793 च्या प्रवासवर्णनात सती जाणाऱ्या एका स्त्रीचे चित्र आहे. तिचेही नाव त्याखाली नाही. चित्र खरे असले तरी ते सारे सांगतेच असे नाही. उरलेले आपण शोधून जोडावयाचे असते.

अशी चित्रे मुळात पुस्तकांत बांधलेली असत. सुटी पाने विकून अधिक पैसा मिळतो म्हणून व्यापारी पुस्तके फोडतात. पान भिंतीवर जाते, त्यासोबतचा मजकूर हरवतो, आणि उन्हाने चार-दोन वर्षांत रंग उडतो. 2021 साली विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त मार्ग खुला झाला. त्यासाठी मधली दाट वस्ती हटविण्यात आली. पूर्वी तेथे काय होते, हे पुढच्या पिढीला सांगावयाचे तर जुन्या नकाशांचा आणि अशा पानांचाच आधार घ्यावा लागेल.

म्हणून भगिनींना एवढीच विनंती, की घरातील जुन्या पेटीत एखादे चित्र, यात्रेचे टिपण अथवा घाटावरचा फोटो सापडला तर तो रद्दीत घालू नये. ऊन व ओल यांपासून दूर ठेवावा. सोबत एका वेगळ्या कागदावर ठिकाण, साल आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत. बायकांची तर आवर्जून लिहावीत.