कर्क : आकाशातला, नकाशातला आणि देहातला

पंचांगात कर्क रास असते, शाळेच्या भूगोलात कर्कवृत्त असते आणि इस्पितळाच्या पाटीवर कर्करोग असतो. हे तिन्ही शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण तिघांना एका ओळीत बसवून कधी विचारपूस केली नाही. इंग्रजीत तर तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, कॅन्सर. तो मूळचा लॅटिन, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अगदी साधा आहे: खेकडा. ग्रीक लोक खेकड्याला कार्किनोस म्हणत, संस्कृतात तो कर्क किंवा कर्कट. हे तिन्ही शब्द एकाच कुळातले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे रोमन कॅन्सर आणि आपला कर्क ही दूर गेलेली चुलत भावंडे. ती पुन्हा एकत्र कशी आली आणि एका गरीब जलचराच्या वाट्याला एवढे अपयश कसे आले, याची हकीकत या वर्षीच्या स्मरणिकेसाठी लिहावी असे आम्हांला वाटले.

आधी आकाशातला कर्क. बारा राशींची कल्पना बाबिलोनी लोकांकडून ग्रीकांकडे आणि तेथून आपल्याकडे आली. ग्रीकांनी आपल्या सवयीप्रमाणे प्रत्येक राशीला एक गोष्ट जोडली. हर्क्युलिस अनेक तोंडांच्या सर्पाशी लढत असता एका खेकड्याने त्याच्या पायाला चावा घेतला. हर्क्युलिसने त्याला चिरडले आणि हर्क्युलिसचा द्वेष करणाऱ्या हेरा देवीने त्या खेकड्याला बक्षीस म्हणून आकाशात जागा दिली. जागा दिली खरी, पण बेताचीच. बारा राशींत कर्क सर्वांत फिकट. त्यातला एकही तारा ठळक नाही. मध्यभागी मात्र धुक्याच्या ठिपक्यासारखा एक तारकापुंज दिसतो. रोमन लोक त्याला गव्हाण म्हणत आणि त्याच्या दोन बाजूंच्या दोन ताऱ्यांना गाढवे. आपले पुष्य नक्षत्र याच भागात आहे. गुरुपुष्यामृताला सोन्याच्या दुकानात गर्दी करणाऱ्यांना हे गव्हाणीचे शेजारपण ठाऊक नसेल, ते बरेच आहे.

अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहज्जातकात राशींची जी नावे दिली त्यांत क्रिय, तावुरि, जितुम अशी सरळसरळ ग्रीकवरून घेतलेली नावे आहेत. खेकड्याच्या राशीला मात्र तेथे 'कुलीर' हा आपलाच शब्द आहे. कुलीर या शब्दाशेजारी कोकण-गोव्यातली कुर्ली ठेवून पाहावी, कानाला किती जवळची वाटते!

आता नकाशातला कर्क. दोन हजार वर्षांपूर्वी सूर्य उत्तरेची सीमा गाठून मागे वळे तेव्हा तो कर्केच्या तोंडाशी असे. म्हणून सूर्य माथ्यावर येण्याच्या शेवटच्या उत्तर मर्यादेला कर्कवृत्त म्हणू लागले. मॅक्रोबियस नावाच्या रोमन ग्रंथकाराने त्याचे कारणही सांगून ठेवले आहे: खेकडा मागे आणि तिरका चालतो, सूर्यही तेथून मागे आणि तिरका वळतो, म्हणून ती जागा खेकड्याची. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे २१ जूनचा सूर्य आज कर्केत नसतोच, तो मिथुन आणि वृषभ यांच्या सीमेवर असतो. आपल्या पंचांगातली कर्क संक्रांत १६ जुलैच्या सुमारास येते, म्हणजे दक्षिणायन खरोखर सुरू झाल्यावर तब्बल २५ दिवसांनी. मकरसंक्रांतीची हीच गोष्ट. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तिळगूळ चार दिवस आधी का वाटला जातो, याचे मूळही अयनांशाच्या याच वादात आहे. वाद जुना आहे आणि तो येथे सोडवण्याचा आमचा विचार नाही. सांगायचे एवढेच, की कर्कवृत्ताच्या नावातला कर्क केव्हाच निघून गेला आहे, नाव तेवढे राहिले.

आपल्या माळव्याला या वृत्ताचा शेजार आहे. भोपाळहून विदिशेला जाताना रस्त्यावर त्याची खूण लागते. उज्जैन त्याच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर. जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी केला, हे आपल्या लोकांनी विसरू नये. तेथे २१ जूनला भर दुपारी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. इंदुरात तर सूर्य वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. बडोदेकरांना, हैदराबादकरांना, बेळगावकरांनाही असे दोन दिवस मिळतात. ग्वाल्हेरकरांना मात्र एकही नाही, कारण ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. तेथील मंडळींची सावली जन्मभर साथ सोडत नाही! शिवाय हे वृत्त स्थिरही नाही. पृथ्वीचा कल किंचित कमी होत असल्यामुळे ते वर्षाला चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकते आहे. आपल्या जुन्या सिद्धान्तग्रंथांनी सूर्याची परमक्रांती २४ अंश धरली होती, आज ती साडेतेवीस अंशांनाही थोडी कमीच भरते.

येथवर खेकडा निरुपद्रवी आहे. देहातल्या कर्काची कथा वेगळी.

हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांत, म्हणजे इसवी सनापूर्वी चारशेच्या आसपास, काही व्रणांना आणि कठीण गाठींना कार्किनोस व कार्किनोमा म्हटलेले आढळते. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने हे वैद्यक लॅटिनमध्ये आणले आणि कॅन्सर हा शब्द रोगाला चिकटला. सेल्ससच्या लेखणीत त्याचा अर्थ पुष्कळ सैल होता. चिघळणाऱ्या, सडत जाणाऱ्या जखमांनाही तो कॅन्सर म्हणे. त्या सैल अर्थाची पिलावळ आजही नांदते आहे. उपदंशाच्या व्रणाला डॉक्टर शँकर म्हणतात, तो याच शब्दाचा फ्रेंच अवतार. लिंबाच्या पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा, आपले शेतकरी ज्याला खैऱ्या म्हणतात तो रोग, इंग्रजीत कँकर, तोही हाच.

येथे एक गंमत सांगून पुढे जाऊ. लॅटिनमध्ये याच उच्चाराचा दुसरा एक शब्द होता, त्याचा अर्थ जाळी किंवा गज. त्याचा खेकड्याशी संबंध नाही. न्यायासनापुढच्या जाळीपाशी उभा राहणारा कारकून तो पुढे चॅन्सेलर झाला, आणि लिहिलेल्या मजकुरावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा मारणे म्हणजे कॅन्सल करणे. कुलपती आणि रद्द झालेले रेल्वेचे तिकीट एकाच घरचे!

रोगाला खेकडाच का म्हटले? दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने दिलेले कारण डोळ्यांनी पाहिलेले होते. स्तनातल्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा चहूकडे पसरतात, त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. हे नुसते वर्णन झाले. पण सातव्या शतकातल्या एजिनाच्या पॉलने आणखी एक मत नोंदवले: जे पकडले ते खेकड्याप्रमाणे सोडत नाही, म्हणून हे नाव. रूपाच्या उपमेची जागा अशी स्वभावाच्या उपमेने घेतली आणि लोकांच्या मनात दुसरीच राहिली. शिरा कोणी पाहिल्या नाहीत, पकड मात्र प्रत्येकाच्या लक्षात राहिली. आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातले खरे वळण हेच.

आपल्याकडे सुश्रुताने अशा गाठींना अर्बुद म्हटले. गाठीवर पुन्हा उठणारी गाठ ते अध्यर्बुद, जोडीने उठणारी ते द्विरर्बुद, असे बारकावेही त्याने दिले आहेत. अर्बुद म्हणजे फुगवटा, अबूच्या डोंगराचेही नाव अर्बुदच आणि गणितात दहा कोटींची संख्याही अर्बुद. त्यात चावणारा, पकडणारा प्राणी नाही. पाश्चात्त्य वैद्यक मराठीत आले तेव्हा मात्र कॅन्सरचे शब्दशः भाषांतर होऊन 'कर्करोग' तयार झाला आणि अर्बुद वैद्यांच्या पोथ्यांत राहिले. वर म्हटलेली चुलत भावंडे भेटली ती अशी, दवाखान्यात.

त्या भेटीचा परिणाम आपल्या घरांतून सर्वांनी पाहिला आहे. मागच्या पिढ्यांत हा शब्द मोठ्याने उच्चारत नसत. 'तो आजार', 'मोठे दुखणे', फार तर 'दुर्धर व्याधी'. निधनवार्तेत अजूनही 'दीर्घ आजाराने' असेच छापतात. रोग्यापासून रोगाचे नाव लपवायचे आणि त्याने ते ओळखून आपल्याला ठाऊक नाही असे दाखवायचे, हा खेळ कितीतरी वाड्यांच्या माजघरांत चालला. छातीतली गाठ हाताला लागूनही बायका महिनोन्‌महिने बोलत नसत, कारण नाव काढले तर ते खरे होईल! एकदा धरले की सोडत नाही असे नावच सांगत असेल, तर डॉक्टरकडे जाऊन करायचे काय? नावाने रोगाचे निदान करण्याआधी शेवट सांगून टाकला होता. त्या मौनात जे महिने गेले त्यांची किंमत कोणी कोणी दिली, हे ज्याच्या त्याच्या घराला माहीत आहे. अमेरिकेत तर काही ज्योतिष्यांनी कर्क राशीच्या लोकांना 'चंद्राची मुले' म्हणायला सुरुवात केली, केवळ कॅन्सर हा शब्द टाळण्यासाठी.

विज्ञान मात्र खेकड्याला ओलांडून कारणांकडे गेले. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने दाखवले की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग हा काजळीमुळे होतो. आपल्याकडे हे काम डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी केले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, तेथील प्रयोगशाळा खानोलकरांकडे होती. १९४५ मध्ये त्यांनी लोकांच्या चालीरीतींतून येणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. बिहारात ओठ आणि हिरडीच्या मध्ये खैनी धरून ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाला होणारा. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. आणि तिसरा आपल्या दख्खनेतला, वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या घासण्याने कमरेच्या त्वचेवर होणारा. त्याला त्यांनी नाव दिले धोती कॅन्सर. काश्मिरात पोटाशी शेगडी धरून बसणाऱ्यांचा कांगडी कॅन्सर त्यापूर्वीच माहीत झाला होता.

या यादीकडे जरा पाहावे. तंबाखू, विस्तव, कापडाची गाठ. यात दैव कोठे आहे, रास कोठे आहे? नेसणे सैल करता येते, चुट्टा उलटा धरणे सोडता येते. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पुढे उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता आणि विषाणू यांचा काय वाटा असतो याचा शोध घेतला. खानोलकर काही काळ मुंबई विद्यापीठाचे व्हाइस चॅन्सेलरही होते. आमच्या लक्षात आलेला हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही, दोन्ही लॅटिन शब्द एकाच गृहस्थाच्या वाट्याला आले.

तरी उपमा मरत नाही. व्याख्यानमालेत एखादा वक्ता 'भ्रष्टाचाराचा कॅन्सर' म्हणतो आणि टाळ्या पडतात. हेन्री मिलरने १९३४ मध्ये पॅरिसात छापलेल्या कादंबरीला 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर' असे नाव दिले, त्यातही वृत्तापेक्षा सडलेल्या संस्कृतीचाच संकेत होता. सूझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ मध्ये याविरुद्ध एक छोटे पुस्तक लिहिले. त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून गेल्या होत्या. आजाराला उपमा म्हणून वापरले की त्याची लाज आजारी माणसाला वाटू लागते, हे त्यांचे म्हणणे. टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांत केमोथेरपी घेऊन आलेले कोणी बसले असेल, हे आपल्याही वक्त्यांच्या ध्यानात यायला हरकत नाही.

डॉक्टर आता कर्करोगाचे शंभराहून अधिक प्रकार मोजतात. काही झपाट्याने वाढतात, काही वेळीच सापडले तर पूर्ण बरे होतात, काही इतके संथ की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. या सगळ्यांना एकच नाव पुरेल कसे? २०१६ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी थायरॉइडच्या एका गाठीची फेरतपासणी केली. ती आपल्या आवरणाबाहेर पसरत नाही, तरी तिच्या नावात 'कार्सिनोमा' होते, म्हणून लोकांची सगळी ग्रंथी काढत आणि वर किरणोत्सारी आयोडीनही देत. तज्ज्ञांनी ते नाव बदलले. नवे नाव सात-आठ शब्दांचे, जिभेला अवघड आहे. पण त्यात खेकडा नाही.