नाईलच्या कालव्यांतील गोगलगाय

लघवीवाटे रक्त जाणें हा विकार नाईल नदीच्या कांठीं फार जुना आहे. इ. स. १९१० मध्यें रफर या संशोधकांना सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत त्या विकाराच्या कृमीचीं अंडीं सांपडलीं. १७९८ सालीं ईजिप्तवर स्वारी करणाऱ्या नेपोलियनच्या शिपायांनाही त्यानें गांठलें. त्याचें मूळ कळण्यास मात्र १८५१ साल उजाडलें. त्या वर्षीं कायरो येथील थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरांना एका प्रेताची तपासणी करीत असतां यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेंत हे बारीक कृमि आढळले. त्यांच्याच नांवावरून या रोगास पुढें बिल्हार्झिया म्हणूं लागले.

शत्रु दिसला, पण तो मनुष्याच्या देहांत शिरतो कोठून? रोग्याच्या मूत्रांतून अंडीं पडतात, पाणी लागतांच त्यांतून सूक्ष्म पिलें निघून पोहूं लागतात आणि दिवसभरांत मरून जातात, इतकें दिसत होतें. पुढचा दुवा सांपडेना. वस्तुतः वाट दाखविणारें उदाहरण समोर होतें. मेंढ्यांच्या यकृतांतील चपट्या कृमीचें बालपण डबक्यांतील एका गोगलगाईच्या पोटांत जातें, हें १८८३ पर्यंत इंग्लंडांत टॉमस व जर्मनींत लॉयकार्ट यांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केलें होतें.

परंतु कायरोच्या आर्थर लूस यांना तें येथें लागू वाटेना. लूस हे सामान्य संशोधक नव्हेत. अंकुशकृमीच्या अळ्या असलेलें पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलें, तेथें आग झाली आणि कांहीं आठवड्यांनीं तेच त्या कृमीचे रोगी झाले. त्यावरून तो कृमि त्वचेंतून शिरतो हा मोठा शोध त्यांनीं लावला. येथेंच घात झाला. बिल्हार्झियाचीं पिलेंही अशींच पाण्यांतून सरळ मनुष्याच्या कातडींत शिरतात, मध्यें गोगलगाय नकोच, असा त्यांनीं आग्रह धरला. त्वचेविषयीं त्यांचें म्हणणें बरोबर होतें. गोगलगाईविषयीं ते चुकले. त्यांच्या अधिकारापुढें ही चूक बरींच वर्षें टिकली.

उत्तर मिळालें तें दूर जपानांत. तेथील कातायामा भागांत भातखाचरांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांवर पुरळ उठतो व पुढें पोटें फुगतात, हें फुजी नांवाच्या वैद्यांनीं १८४७ सालींच लिहून ठेविलें होतें. हा रोग बिल्हार्झियाच्याच जातभाईचा. १९१३ मध्यें मियाइरी व सुझुकी यांनीं क्यूशू बेटावर एक चिमुकली गोगलगाय हेरली आणि तिच्या देहांत त्या कृमीचीं पिलें वाढतात हें दाखवून दिलें.

पुढें महायुद्ध पेटलें. लूस जर्मन, त्यामुळें त्यांचें कायरोतील कार्य संपलें. आणि सैन्यास या रोगापासून वांचवावें म्हणून ब्रिटिश युद्धखात्यानें १९१५ मध्यें रॉबर्ट लायपर यांस ईजिप्तला धाडलें. त्यांनीं कायरोजवळील एल मर्ग या खेड्याच्या कालव्यांतून गोगलगाई गोळा केल्या आणि त्याच वर्षीं कोडें सोडविलें. कृमि एक नव्हे, दोन जातींचे निघाले. मूत्राशयाच्या रोगाचा कृमि बुलिनस नांवाच्या गोगलगाईंत, तर आंतड्यांच्या रोगाचा चपट्या, चकतीसारख्या शंखाच्या दुसरीच्या पोटांत वाढतो. गोगलगाईंतून बाहेर पडलेलें दुभंगलेल्या शेपटीचें पिलूं दोन दिवसांपलीकडे जगत नाहीं. म्हणून गोगलगाई काढून अठ्ठेचाळीस तास सांठविलेलें पाणी सैनिकांना निर्धोक झालें.

शेतकऱ्याला मात्र कालव्यांत उतरल्यावांचून गत्यंतर नव्हतें. पूर्वीं पुराचें पाणी ओसरलें कीं जमीन कडक वाळे व पुष्कळ गोगलगाई मरत. १९०२ मध्यें अस्वानचें धरण झालें, बारमाही कालवे वाढले आणि गोगलगाईंना वर्षभर घर मिळालें. १९३० नंतरच्या दशकांत अस्वानकडील चार ठिकाणीं असे कालवे नेतांच रोग्यांचें प्रमाण शेंकडा २ ते ११ वरून तीन वर्षांत ४४ ते ७५ वर गेलें. कापूस व ऊंस पिकविणारें तेंच पाणी!

आपल्याकडे १९१८ मध्यें लिस्टन व सोपारकर यांनीं गुरांच्या अशाच एका कृमीचें बालपण येथील डबक्यांतल्या गोगलगाईंत जातें हें दाखविलें होतें. तरी माणसांचा हा रोग परक्या मुलुखांतलाच समजला जाई. १९५२ सालीं गाडगीळ व शहा यांना रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या खेड्यांत, लघवीवाटे रक्त जाणारे रोगी आढळले. तेथील पाण्यांत बुलिनस नव्हती. संशय आला तो टोपीसारख्या कवचाच्या, एरव्हीं कोणाच्या नजरेंतही न भरणाऱ्या फेरिसिया नांवाच्या इवल्याशा गोगलगाईवर.