तांत्रिक तालीम : पडद्यामागील कलावंतांची कसोटी
अलिबाग, प्रतिनिधी : तिसरी घंटा होते, दर्शनी पडदा उघडतो आणि नटाने बटणाला हात लावताच दिवाणखान्यातील दिवा उजळतो. हा दिवा प्रत्यक्षात विंगेपलीकडील तंत्रज्ञ लावतो. हा मेळ बसतो तो तांत्रिक तालमीत.

संवाद पाठ होऊन हालचाली पक्क्या झाल्यावर आणि रंगभूषा-वेशभूषेसह होणाऱ्या रंगीत तालमीपूर्वी ही तालीम घेतली जाते. प्रथम नेपथ्य उभारले जाते. मग दिवे टांगून त्यांचे झोत नटांच्या जागांवर स्थिर केले जातात. पार्श्वसंगीताची पातळी ठरविताना, भरलेल्या सभागृहात प्रेक्षक आवाज शोषून घेतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

यानंतर नट रंगमंचावर येतात. मात्र नाटक सलग होत नाही. प्रकाश वा ध्वनी बदलण्याच्या जागेला रंगकर्मी ‘क्यू’ म्हणतात. त्याआधीचे एखाद-दुसरे वाक्य बोलून नट थांबतो, बदल तपासला जातो आणि लगेच पुढील क्यू घेतला जातो. प्रत्येक क्यूची नोंद संहितेच्या समासात होते. अंधारातील प्रवेशबदल तर पुनःपुन्हा करून पाहिला जातो. कोण कोणती खुर्ची उचलणार आणि कोणत्या विंगेतून जाणार, हे ठरलेले नसेल तर अपघात संभवतो.

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ मधील नाटकात फिरता रंगमंच वापरला गेला. प्रभाकर पणशीकर त्यात अनेक रूपांत वावरत. अशा प्रयोगात रंगमंचाचे फिरणे आणि नटाचा वेशबदल यांची वेळ जुळणे अनिवार्य असते.

दौऱ्यावर रंगमंचाची रुंदी, खोली आणि वीजपुरवठा गावागणिक बदलतो; त्यामुळे ही तालीम थोडक्यात का होईना, नव्याने करावी लागते. रायगडच्या किनाऱ्यावर प्रयोग उघड्या मैदानात असेल, तर वाऱ्याने नेपथ्य हलू नये म्हणून ते मागून घट्ट बांधावे लागते. सूर्यास्तापूर्वी प्रकाशाचा अंदाज येत नाही. खाऱ्या, दमट हवेत विजेच्या जोडण्या गंजतात. त्या आधीच तपासणे आवश्यक ठरते.

जून २०२२ मध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. तेव्हा प्रयोगांबरोबर अशा तालमींची हक्काची जागाही गेली. संवादांची तालीम शाळेच्या वर्गातही होऊ शकते. तांत्रिक तालमीला मात्र प्रत्यक्ष रंगमंचच लागतो.

नाट्यगृहाचे भाडे वाचविण्यासाठी हौशी संस्थांना याच तालमीला कात्री लावण्याचा मोह होतो. पण तेव्हा ती टळत नाही; पहिल्या प्रयोगाला, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ती पार पडते.