शिक्षा एकटीलाच का?

श्रोतेहो, दिवाबत्ती झाली की आता आपल्या रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतही घरची मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसतात. एखाद्या मालिकेत मुलीवर अत्याचार होतो. काही दिवसांनी तिला भोवळ येते, आई कपाळाला हात लावते, आणि पुढचे सगळे भाग एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतात : घराण्याच्या अब्रूचे आता काय? कधी त्या नराधमाशीच तिचे लग्न लावण्याची बोलणी होतात, कधी ती विहिरीकडे धावते. ज्याने हे केले, तो मात्र गोष्टीतून हळूच बाहेर पडतो.

ही गोष्ट मालिकावाल्यांनी रचलेली नव्हे, बरं का. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या अगदी आरंभीची एक हकीकत महात्मा जोतीराव फुले यांनी लिहून ठेवली आहे.

पुण्यात गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. निराधार आणि निरक्षर. शेजारीच एक शिकलेला शास्त्री राहत होता. तो तिच्या मागे लागला. आरंभी तिने विरोध केला; पण शेवटी ती त्याला बळी पडली आणि तिला दिवस गेले. गर्भ पाडण्यासाठी तिने नाना विषारी औषधे घेतली. काही उपयोग झाला नाही. मूल झाले, आणि लोकलाजेने तिने ते स्वतःच्या हाताने मारून परसातल्या विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांनी तिला धरले. खटला चालला आणि तिला जन्मठेप, म्हणजे त्या काळच्या भाषेत काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

शास्त्र्याचे काय झाले? फुल्यांच्या हकिकतीत शिक्षा झालेली दिसते ती एकट्या काशीबाईला. कोर्टापुढचा प्रश्न एवढाच होता, की मूल कोणी मारले. तिच्यावर ही वेळ कोणी आणली, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसतच नव्हता.

फुले दांपत्य नुसते हळहळत बसले नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवून जावे हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर, अशा जाहिराती त्यांनी भिंतींवर लावल्या. पाहा, यात तीन गोष्टी होत्या : आसरा, गुप्तता आणि निर्णय बाईचा. पुढच्या शंभर वर्षांत जे काही चांगले घडले, ते या तिन्हींच्याच वाटेने घडले.

१८८४ साली सरकारला पाठवलेल्या टिपणात फुल्यांनी या घराचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली होती अवघी ५. बाकीची ३० दगावली, कारण आसऱ्याला येण्यापूर्वी आयांनी गर्भ लपवण्यासाठी विषारी औषधे घेतली असावीत, असे ते लिहितात. आसरा मिळाला, पण उशिरा मिळाला. लाजेपायी गेलेले ते दिवस जीव घेऊन गेले.

त्याच घरी जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला फुल्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. तोच यशवंत. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांच्या सेवेत सावित्रीबाईंच्या बरोबर उभा राहिला. ज्या मुलाला जगाने कलंक म्हटले असते, त्याने जगाची नाडी पाहिली.

१८७५ मध्ये पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले. पुढे ते प्रार्थना समाजाने चालवले. तरीही १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला आणि आधी फाशीची शिक्षा ठोठावली गेली. ती पुढे कमी झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी बायकांवर जी आग पाखडली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. दोष दोघांचा असताना शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

कोकण तेव्हा कोठे होते, असे तुम्ही विचाराल. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली देवरुखच्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला. लग्न कायदेशीर होते, उघड होते. तरी मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. मंगळसूत्र बांधून आलेल्या बाईची ही गत. मग ज्या विधवेला घरातल्याच कोणी फसवून किंवा धाकाने दिवस ठेवले असतील, तिने गावात तोंड उघडायचे कोणापुढे? याच कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून, आपल्या शरीराबद्दलचा निर्णय बाईचा असला पाहिजे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले.

रंगभूमीने हा प्रश्न हाती घेतला १९६७ साली. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात लीला बेणारे या शाळामास्तरणीवर गमतीचा म्हणून खटला भरतात. आरोप कोणता, तर भ्रूणहत्येचा, म्हणजे काशीबाईवरचाच. तिला कोवळ्या वयात नादी लावणारा मामा आणि आता दिवस ठेवणारा प्राध्यापक दामले, दोघेही रंगमंचावर येतच नाहीत. शेवटी तेच कोर्ट तिला शिक्षा सुनावते, की पोटातला गर्भ नष्ट करावा. आरोपही त्यांचाच, निकालही त्यांचाच. तिला कोणी विचारत नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे नाटक तुम्ही अवश्य वाचा.

मात्र कायदा याच सुमारास बदलू लागला होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली अहवाल दिला. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. बलात्कारातून गर्भ राहिल्याचे बाई सांगत असेल, तर त्या गर्भाने तिच्या मनाला गंभीर इजा होते असे धरूनच चालावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने अशा बाईसाठी मुदत २० आठवड्यांवरून २४ आठवड्यांवर नेली. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, बापाची नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की नवऱ्याच्या जबरदस्तीने गर्भ राहिला असला तरी या कायद्यापुरता तो बलात्कारच समजावा.

म्हणून मालिका पाहताना मुलांसमोर गप्प बसू नका. त्यांना विचारा : या गोष्टीत दवाखाना का नाही? पोलीस का नाहीत? मुलीला कोणी विचारले का, की तुला काय हवे? अत्याचार झालेल्या बाईवर विनामूल्य उपचार करणे सरकारी आणि खाजगी अशा प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे. तिचे नाव छापणे हा गुन्हा आहे. गावच्या समेटाने बलात्काराचा खटला मिटत नाही. आणि मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर कळल्याबरोबर पोलिसांना कळवणे हे शिक्षकासकट प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

फुल्यांच्या घरातली ती ३० मुले वेळ निघून गेल्यामुळे दगावली. आजचा कायदाही आठवडे मोजतो. एखादी मुलगी वर्गात एकाएकी अबोल झाली, शाळेला येईनाशी झाली, तर तिची विचारपूस त्याच आठवड्यात करा. आवाज हळू ठेवा, दार लोटून घ्या, आणि पहिले वाक्य हे असू द्या : यात तुझा काही दोष नाही.