व्हीनस फ्लायट्रॅपची हिवाळी सुप्तावस्था : शोधाचा इतिहास आणि उष्ण प्रदेशातील संगोपन

प्रस्तावना

कीटकभक्षी वनस्पतींच्या अभ्यासाचा इतिहास प्रामुख्याने पानाने माशी कशी पकडली या एका कुतूहलाभोवती लिहिला गेला आहे. ‘डायोनिया मसिप्युला’ या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या बाबतीत तर हे विशेषत्वाने खरे आहे. मात्र ही वनस्पती वर्षातील सुमारे तीन ते चार महिने जवळजवळ निश्चल असते. सापळ्याच्या हालचालीच्या तुलनेत या विश्रांतीची दखल फारच थोडी घेतली गेली. उष्ण प्रदेशात ही वनस्पती जगणार की नाही, हे मात्र याच विश्रांतीवर अवलंबून असते.

शोध आणि स्थलांतर

उत्तर कॅरोलिना वसाहतीचा गव्हर्नर आर्थर डॉब्स याने २ एप्रिल १७५९ रोजी लंडनच्या पीटर कॉलिन्सन यास लिहिलेल्या पत्रात या वनस्पतीचा पहिला ज्ञात उल्लेख आढळतो. ती ३४ अक्षांशावर उगवते, ३५ वर उगवत नाही, असे डॉब्सने त्यात नोंदविले होते. हे विधान स्थूलमानाने आजही टिकते. विल्मिंग्टन शहराभोवतीच्या सुमारे १६० किलोमीटरच्या टापूतच तिचा नैसर्गिक अधिवास आहे. पाणथळ, आम्लधर्मी, वाळूमिश्रित माती, लांब सुयांच्या पाइन वृक्षांची विरळ वने आणि त्यांत अधूनमधून लागणारे वणवे ही त्या अधिवासाची वैशिष्ट्ये होत. तेथील उन्हाळा दमट व कडक असला तरी हिवाळ्यात दहिवर पडते आणि काही रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो. भारतात हाच अक्षांश श्रीनगरजवळून जातो. विल्मिंग्टन समुद्रकाठी असल्याने तेथील थंडी श्रीनगरइतकी तीव्र नसते. तरीही फ्लायट्रॅपला उष्णकटिबंधीय वनस्पती समजणे किती चुकीचे आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

१७६८ मध्ये विल्यम यंग याने या वनस्पतीची जिवंत रोपे इंग्लंडला नेली. त्याच वर्षी जॉन एलिस याने तिचे नामकरण केले आणि लिनीअसला पत्राने तिची माहिती कळविली. १७७० मध्ये एलिसने दूरदेशीची बियाणी व रोपे जिवंत आणण्यासंबंधी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिलाच डायोनियाचे वर्णन व चित्र जोडले. म्हणजेच रोप जगविण्याचा प्रश्न त्या काळी मुख्यतः समुद्रप्रवासाचा प्रश्न होता. रोप एकदा इंग्लंडला पोहोचले की तेथील हिवाळा आयताच मिळे. पुढील शतकातील लक्ष पचन आणि हालचाल यांकडेच राहिले : विल्मिंग्टन परिसरातील वनस्पतींवर १८३४ मध्ये लिहिणारा मोझेस कर्टिस, पानातील विद्युत्संदेश १८७३ मध्ये नोंदविणारा बर्डन-सँडरसन आणि १८७५ चा डार्विनचा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. विश्रांतीचा अभाव ही अडचण म्हणून समोर येण्यासाठी वनस्पतीला थंडी नसलेल्या प्रदेशात जावे लागले.

सुप्तावस्थेचे स्वरूप

वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. फ्लायट्रॅपमध्ये लहान होणारा दिवस आणि उतरणारे तापमान यांचा संयुक्त परिणाम घडतो. उभी, लांब देठांची पाने काळी पडतात. त्यांच्या जागी जमिनीलगत आखूड पाने येतात आणि सापळे मंदावतात. अन्नसाठा भूमिगत खोडात राहतो. नवख्या संगोपकास हे रोप मेलेले वाटते आणि अनेकदा ते फेकूनही दिले जाते. विल्मिंग्टन येथे डिसेंबरमधील दिवस सुमारे १० तासांचा, तर मुंबईत तो ११ तासांचा असतो. मुंबईतील जानेवारीच्या रात्रीही सरासरीने १५ अंश सेल्सिअसच्या खाली फारशा जात नाहीत. अशा ठिकाणी वनस्पतीला स्पष्ट संकेत मिळत नाही. ती वाढतच राहते आणि साठा खर्चत जाते. कोवळी रोपे एखादा हिवाळा विश्रांतीविना काढतात, म्हणून विश्रांती अनावश्यक आहे असे मानणारेही आहेत. परंतु प्रौढ रोप एक-दोन वर्षे तग धरून नंतर क्षीण होत जाते, हा संगोपकांचा सार्वत्रिक अनुभव अधिक विश्वसनीय वाटतो.

उपाय

पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे हिवाळ्यातील रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात, तेथे कुंडी घरात न घेता उघड्यावर ठेवल्यास बऱ्याच अंशी काम भागते. किनारपट्टीवर घरगुती फ्रिज हाच व्यवहार्य मार्ग आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस रोप मातीतून काढून काळी पाने छाटावीत, मुळे स्वच्छ धुवावीत, बुरशीनाशकाची फवारणी करावी आणि ओलसर, परंतु पिळून घेतलेल्या स्फॅग्नम शेवाळात खोड गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. तापमान २ ते ७ अंश असावे. बर्फाचा कप्पा सर्वथा वर्ज्य. या काळात प्रकाशाची गरज नसते. खरा शत्रू बुरशी होय, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी अपरिहार्य ठरते. सुमारे तीन महिन्यांनी, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, खत नसलेल्या पीट व वाळूच्या मिश्रणात रोप पुन्हा लावून हळूहळू उन्हात आणावे. पाणी पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित असावे. नळाच्या पाण्यातील क्षार तिला सोसत नाहीत.

कास पठारावरील दवबिंदू ही ड्रॉसेरा वंशातील वनस्पती याच्या नेमकी उलट वागते. तिला टाळायची असते ती कोरड्या उन्हाळ्याची होरपळ, आणि ती हा काळ बीजरूपाने काढते. कीटकभक्षी म्हणून दोघींना एकच वेळापत्रक लावणे त्यामुळे चुकीचे ठरते.

या प्रश्नास संवर्धनाचीही बाजू आहे. आज बाजारातील बहुसंख्य रोपे ऊतिसंवर्धनातून येत असली, तरी मूळ अधिवासातून चोरी होतच राहिली. उत्तर कॅरोलिनात १ डिसेंबर २०१४ पासून जंगली फ्लायट्रॅपची चोरी हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरविण्यात आला. हिवाळा नीट काढलेल्या रोपाचे भूमिगत खोड फेब्रुवारीतील पुनर्लागवडीच्या वेळी अनेकदा दोन-तीन भागांत सहज विभागता येते, आणि संगोपकाला नवे रोप विकत घेण्याची गरज उरत नाही.