दक्षिण गंगोत्री बर्फात का गाडली गेली?

ध्रुव प्रदेशात बर्फ असतो, एवढे सांगून पाठ्यपुस्तक पुढे सरकते. पण तो बर्फ एका जातीचा नसतो. आपण कोणत्या बर्फावर उभे आहोत, यावर भारताच्या पहिल्या अंटार्क्टिक ठाण्याचे आयुष्य ठरले.

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिकडे जाणाऱ्या जहाजाला आधी लागतो तो सागरी बर्फ. उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास समुद्राचेच पाणी गोठून तो बनतो. हिमनग मात्र समुद्रात जन्मत नाहीत. खंडावर वर्षानुवर्षे साचलेले हिम दाबाने घट्ट होते, त्याचा हिमस्तर बनतो. तोच उताराकडे वाहू लागला की हिमनदी. ती समुद्रात उतरून तरंगू लागली, की जमिनीला जोडलेला जाड, सपाट पट्टा तयार होतो. तो 'आइस शेल्फ'. त्याचा तुकडा सुटला की हिमनग!

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' उभारली ती अशाच शेल्फवर. (नागपूरच्या डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ.) सपाट शेल्फवर सामान उतरवणे सोयीचे, हे खरे. पण तेथे पडलेले हिम वितळत नाही आणि वाऱ्याने उडून आलेले हिम आडोसा मिळेल तेथे साचते. इमारत हाच आडोसा! ठाणे हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. शेल्फवरचा दुसरा धोका सोव्हिएत संघाने अनुभवला. १९८६ मध्ये फिल्चनर शेल्फची कड तुटली आणि त्यांचे 'द्रुझ्नाया' ठाणे हिमनगावर बसून निघाले.

भारताचे पुढचे ठाणे, 'मैत्री', १९८९ मध्ये शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर उभे राहिले. २०१२ चे 'भारती'सुद्धा खडकावरच. हा धडा महाग पडला, तरी वाया गेला नाही, असे आम्हांला वाटते.

भिवंडीतल्या कोणत्याही शाळेत करता येईल असा एक प्रयोग आहे. पेल्यातल्या पाण्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवा, पातळीवर खूण करा. खडा वितळला तरी पातळी जवळजवळ तेवढीच राहते. आता खडा पेल्यावर ठेवलेल्या जाळीवर ठेवा. वितळलेले पाणी पेल्यात पडेल, तशी पातळी चढेल. तरंगत्या शेल्फपेक्षा जमिनीवरच्या हिमनद्यांची चिंता अधिक ती यासाठी. शेल्फचे महत्त्व वेगळे: तो मागच्या हिमनद्यांना थोपवून धरतो.

'मैत्री'जवळ एक हिमनदी आहे, तिचेही नाव दक्षिण गंगोत्री. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ १९८३ पासून तिच्या मुखाची मोजणी करत आले आहेत. ते मागे सरकत आहे.